शर्टाआड दडलेला आजार

रमजानचा दुसरा आठवडा सरला की मोहल्ल्यातल्या ओट्यांवर एक हिशेब सुरू होतो. वर्षभराच्या शिलकीवर अडीच टक्क्यांनी जकात किती निघते आणि ती कुणाच्या हाती द्यायची? यादी दरवर्षी थोडीफार तीच असते. एखादी विधवा, कर्जात रुतलेला एखादा फेरीवाला, डायलिसिसवर असलेला कुणी, हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी थांबलेले एखादे लेकरू. या आजारांची नावे मागणाऱ्याला सांगता येतात आणि देणाऱ्याला कळतात. पण ज्या दुखण्याचे नावच घरात कुणाला ठाऊक नाही आणि जे शर्टाची बटणे लावली की दिसेनासे होते, ते या यादीत येणार कसे?

छातीच्या पिंजऱ्याची ठेवण बिघडणे हे असेच एक दुखणे आहे. काही मुलांच्या छातीचे मधले हाड आत दबलेले असते, जणू कुणी मूठ दाबून खड्डा पाडला आहे. वैद्यकात याला पेक्टस एक्स्कॅव्हेटम म्हणतात. काहींचे हाड उलट पुढे आलेले असते, त्याचे नाव पेक्टस कॅरिनेटम. लोक पहिल्याला खड्ड्याची छाती म्हणतात आणि दुसऱ्याला कबुतराची छाती. बरगड्यांना मधल्या हाडाशी जोडणारी लवचीक कूर्चा वेडीवाकडी वाढल्याने हे घडते. अनेक घरांत ते पिढ्यांतून येते. मामाला होते, आता भाच्यालाही आहे, असे नेहमी आढळते. गरोदरपणी आईने ग्रहण पाळले नाही किंवा बाळाला नीट धरले नाही म्हणून असे होत नाही. आईला दोष देण्याचे यात काहीच कारण नाही.

खड्ड्याची छाती साधारणपणे तीनशे ते चारशे जन्मांमागे एका मुलात आढळते. मुलींपेक्षा मुलांत तिचे प्रमाण सुमारे चौपट आहे. २०११च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाखांवर होती. चारशेमागे एक हे प्रमाण धरले, तरी अकोल्यापासून जामखेडपर्यंत अशी छाती घेऊन जगणारी माणसे दहा हजारांच्या पुढे जातात. त्यातल्या बहुतेकांचा दोष सौम्य असतो आणि त्यांना उपचारांची गरज नसते. उरलेल्यांची गरज मात्र खरी असते, आणि प्रश्न त्यांचाच आहे.

शरम आणि सल्ले

जन्मापासून असलेला छोटा खड्डा लहानपणी कुणी मनावर घेत नाही. मुलगा बारा-तेरा वर्षांचा होतो, उंची झपाट्याने वाढू लागते आणि खड्डाही खोल होतो. नेमक्या याच वयात शरीराची लाज वाटू लागते. मग मुलगा विहिरीवर पोहायला जाणे सोडतो. कबड्डीच्या संघातून नाव काढून घेतो. उन्हाळ्यातही बनियनवर जाड शर्ट घालतो आणि खांदे पुढे घेऊन पोक काढून चालतो. मुलीच्या बाबतीत ओढणी हे काम करते. छाती दोन्ही बाजूंना सारखी दिसत नाही, हे ती आईलाही सांगत नाही. लग्न जमवायच्या वेळी गोष्ट उघडी पडेल, ही धास्ती तिच्या मनात आधीपासूनच असते. घरच्यांना वाटते, पोर अबोल झाले, अभ्यासाचा ताण असेल.

कुणी धीर करून सांगितलेच, तर सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी म्हणते जिमला जा, छाती भरेल. कुणी हाडवैद्याकडे नेऊन दाबून घेते. कुणी म्हणते, वय वाढले की आपोआप बरे होईल. व्यायाम चांगलाच आहे. त्याने पाठ सरळ होते, दम वाढतो, स्नायू भरतात. पण आत गेलेले हाड व्यायामाने वर येत नाही. हाडवैद्याच्या दाबण्याने तर नाहीच नाही. आपोआप बरे होण्याची वाट पाहण्यात जी वर्षे जातात, तीच उपचारांच्या सर्वांत कामाची वर्षे असतात.

लाज वाटू नये हे सांगणे सोपे, पण त्यासाठी डोळ्यांसमोर कुणीतरी असावे लागते. अमेरिकेचा जलतरणपटू कोडी मिलर याची छाती अशीच खड्ड्याची आहे. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये त्याने १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा सगळ्या जगाने त्याची उघडी छाती पाहिली. याचा अर्थ प्रत्येकाला उपचार अनावश्यक आहेत असा नव्हे. काहींना जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडते, दुखते, बरोबरीच्या मुलांसारखे धावता येत नाही. मिलरकडे पाहून एवढेच लक्षात ठेवावे की ही छाती लपवायची गोष्ट नाही. ती डॉक्टरला दाखवायची गोष्ट आहे.

उपचार काय आहेत

तपासणी फार गुंतागुंतीची नाही. डॉक्टर प्रथम मुलाला कंबरेपर्यंत उघडे करून समोरून, बाजूने आणि पाठीमागून पाहतात, कारण यासोबत पाठीचा कणाही वाकडा असू शकतो. दोष गंभीर वाटला, तर सीटी स्कॅनवर छातीची रुंदी आणि आतली खोली मोजतात. रुंदीला खोलीने भागले की जो आकडा येतो त्याला हॅलर निर्देशांक म्हणतात. सर्वसाधारण छातीत तो अडीचच्या आसपास असतो. सव्वातीनच्या पुढे गेला की शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. हाड हृदयावर किती दाब देते ते इकोमध्ये दिसते आणि फुप्फुसांची ताकद फुंकण्याच्या चाचणीतून कळते. मूल फार उंच आणि सडपातळ असेल, बोटे विलक्षण लांब असतील, नजर अधू असेल किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर इको टाळूच नये. मार्फन सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक आजारात छातीच्या दोषाबरोबर हृदयातून निघणारी महाधमनीही फुगते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर जिवावर बेतते.

पुढे आलेल्या छातीवर बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागत नाही. मापाचा पट्टा, म्हणजे ब्रेस, रोज बरेच तास आणि कित्येक महिने नेटाने वापरला, तर छाती हळूहळू बसते. अट एकच. कूर्चा मऊ असते त्या वाढीच्या वयातच पट्टा लागला पाहिजे. मुडदूस झालेल्या बालकाची छातीही पुढे येते, पण तिथे उपचार ड जीवनसत्त्वाचा आणि आहाराचा असतो. म्हणून निदान आधी आणि पट्टा नंतर. सौम्य खड्ड्यासाठी हवेच्या ओढीने हाड वर उचलणारी व्हॅक्यूम बेल वापरतात. तीही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वापरायची असते. ऑनलाइन मागवून स्वतःच छातीला लावायची ती वस्तू नाही.

गंभीर खड्ड्यासाठी शस्त्रक्रिया आहे. १९४९ मध्ये अमेरिकी सर्जन मार्क रॅविच यांनी जी पद्धत मांडली, तिच्यात छाती समोरून उघडून वाकडी कूर्चा काढावी लागे. डोनाल्ड नस यांनी १९८७ मध्ये वेगळी वाट काढली आणि १९९८ मध्ये ती जगापुढे मांडली. छातीच्या दोन्ही बाजूंना छोटे छेद घ्यायचे, कमानीसारखी वाकवलेली धातूची पट्टी हाडामागून सरकवायची आणि ती उलटी फिरवून हाड वर उचलायचे. पट्टी साधारण तीन वर्षे आत राहते आणि मग दुसऱ्या छोट्या शस्त्रक्रियेने काढतात. नेहमीच्या पट्टीत निकेल असते, म्हणून निकेलची ॲलर्जी आहे का, हे आधीच पाहतात. पहिले काही दिवस दुखणे बरेच असते. त्यानंतरचे काही महिने ओझे उचलणे आणि अंगाला अंग भिडणारे खेळ बंद ठेवावे लागतात.

एक सावधगिरी वेगळी सांगायला हवी. तान्ह्या बाळाला सर्दी-ताप आहे, श्वास भरभर चालला आहे आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो आहे, असे दिसले तर तो छातीच्या ठेवणीचा प्रश्न नाही. ती न्यूमोनियाची खूण असू शकते. तिथे एक तासही न दवडता दवाखाना गाठावा.

पैसा कुठे अडतो

उपचार आहेत, मग अडते कुठे? पहिली अडचण यादीची आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी करून त्यांना पुढच्या उपचारांपर्यंत पोहोचवणे हे त्याचे काम. दुभंगलेले ओठ, वाकडे पाय, जन्मजात हृदयरोग, मोतीबिंदू यांना या कार्यक्रमाने हजारो घरांत वाट दाखवली. पण त्याच्या ठरलेल्या आजारांच्या यादीत छातीच्या खड्ड्याला स्वतंत्र नाव नाही. शिवाय तपासणी शर्टावरूनच झाली, तर यादीत नाव असूनही उपयोग नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातली ऊसतोड कामगारांची मुले तर दिवाळीनंतर आई-बापाबरोबर कारखान्यांच्या फडावर असतात. पथक शाळेत येते त्या दिवशी ती हजेरीपटावर असतात, वर्गात नसतात.

दुसरी अडचण शब्दांची आहे. सरकारी आरोग्य योजनांत केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियांना पैसा मिळत नाही. छातीचा खड्डा पाहून कुणी कागदावर ‘दिसण्याचा प्रश्न’ असे लिहिले, की दरवाजा बंद. हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने २०१९ मध्ये पुरावा अपुरा असल्याचे सांगून या शस्त्रक्रियांचा नेहमीचा निधी थांबवला होता. रुग्ण, त्यांचे आई-वडील आणि सर्जन यांनी पाठपुरावा सोडला नाही, आणि पुढे अतिगंभीर रुग्णांसाठी वाट पुन्हा उघडली. यातून शिकण्यासारखे हे की कागद बोलका हवा. हॅलर निर्देशांक, इको, फुप्फुसांची चाचणी, धाप केव्हा लागते, मूल कोणकोणत्या गोष्टी टाळते, हे सारे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. मनावरचा परिणामही लिहून घ्यावा. तो खोटा नसतो आणि क्षुल्लकही नसतो.

तिसरी अडचण क्रमाची आहे, आणि सर्वाधिक कुटुंबे इथेच फसतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुला आहे. २०२३च्या निर्णयाने संरक्षणाची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत गेली. पण ही मंजुरी शस्त्रक्रियेच्या आधी घ्यायची असते. आधी दाखल झालो, उधार-उसनवार करून बिल भरले आणि मग पावत्या घेऊन गेलो, तर पैसे परत मिळत नाहीत. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचेही तसेच आहे. म्हणून आधी योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारावे. आजाराचे पूर्ण नाव सांगावे आणि कोणत्या उपचाराला, कोणत्या रुग्णालयात मंजुरी मिळते, हे विचारूनच पुढचे पाऊल टाकावे. शिधापत्रिका, आधार, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक हे चार कागद एका पिशवीत कायम तयार असावेत.

योजनेत काम झाले नाही, तरी एक दरवाजा उरतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हा कायद्याने मिळालेला हक्क आहे, कुणाचे उपकार नव्हेत. तो मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

जिल्ह्याची पुण्याई

या जिल्ह्यात दवाखान्याचा उंबरठा कधी एका धर्माचा राहिला नाही. नगर शहरातले बूथ हॉस्पिटल मुक्तिफौजेचे, आणि करोनाच्या काळात जातधर्म न विचारता सारे शहर त्याच्या आसऱ्याला गेले. आनंदऋषीजी हॉस्पिटल जैन समाजाच्या दानातून उभे राहिले. शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या रुग्णालयांत कुठल्या गावचा आणि कुठल्या धर्माचा रुग्ण येत नाही? लोणीला प्रवरेचे आणि विळद घाटात विखे पाटील फाउंडेशनचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले, तेव्हा त्यांनी आधी गावातल्या बायकांना शिकवले. शाळेत न गेलेल्या, दलित वस्तीतल्या बायका घरोघर जाऊन बाळांना पाहू लागल्या. आजार शोधण्याची सुरुवात महागड्या यंत्रापासून होत नाही. विश्वासाने घरात शिरणाऱ्या माणसापासून होते, हा धडा जगाने जामखेडकडून घेतला. तो नगरने विसरावा, हे बरे नव्हे.

आज गंभीर खड्ड्याच्या मुलाला बहुधा पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते. ससून, केईएम, जे. जे. किंवा परळचे वाडिया बालरुग्णालय ही नावे जिल्ह्यातल्या घरांना परिचयाची आहेत. कुठेही गेले तरी सर्जनला निःसंकोच विचारावे, ‘अशी शस्त्रक्रिया तुम्ही किती वेळा केली आहे?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

आणि इथे पुन्हा तो ओट्यावरचा हिशेब येतो. शस्त्रक्रियेचे पैसे योजनेतून मिळाले, तरी सीटी स्कॅनसाठीच्या फेऱ्या, मुंबईतला मुक्काम, बापाची बुडालेली रोजंदारी आणि तीन वर्षांनी पट्टी काढण्यासाठीची दुसरी खेप यांचा पैसा कुठल्याच योजनेच्या चौकटीत नीट बसत नाही. पहिल्या शस्त्रक्रियेला मदत करणारे हात अनेक असतात. दुसऱ्या खेपेची आठवण कुणाला राहत नाही. कुरआनने जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत गरजवंत आहे, कर्जात अडकलेला आहे आणि वाटेत अडकलेला मुसाफिरही आहे. परळच्या फुटपाथवर लेकराचा रिपोर्ट हातात घेऊन बसलेला शेवगावचा बाप या तिघांपैकी कोण, हे वेगळे सांगायला नको. जकातीचे नियम ज्याने त्याने आपल्या मौलानांना विचारून घ्यावेत. सदक्याला तर धर्माची भिंतच नाही. तो शेजारच्या कुठल्याही घरातल्या मुलाला देता येतो, आणि दिला पाहिजे.

मोहल्ल्याच्या बैतुलमालने, गणेश मंडळाने किंवा एखाद्या गावच्या भिशीने ठरवले तर काम अवघड नाही. दोन मुलांच्या प्रवासाचा आणि तपासणीचा खर्च आधी बाजूला काढावा आणि तीन वर्षांनंतरच्या खेपेची तारीख वहीत लिहून ठेवावी. मदत देताना मुलाचा फोटो काढू नये, शर्ट उघडायला लावून तो समाजमाध्यमांवर टाकू नये. वर्षानुवर्षे जे त्याने लपवले, ते चव्हाट्यावर आणून दिलेली मदत त्याला दुसरी जखम करते. डाव्या हाताला कळू न देता द्यायचे, हा संस्कार सगळ्याच घरांत आहे.

शाळांकडून अपेक्षा याहून साधी आहे. आठवीतल्या मुलांची तपासणी पडद्याआड, मुलांसाठी पुरुष आणि मुलींसाठी स्त्री आरोग्य कर्मचाऱ्यापुढे, शर्ट काढून व्हावी. खेळाच्या शिक्षकांनी पोक काढून चालणाऱ्या आणि मैदान टाळणाऱ्या मुलाला आळशी ठरवण्याआधी एकदा बाजूला घेऊन विचारावे. जिल्हा रुग्णालयाने महिन्यातला एक दिवस अशा मुलांसाठी ठरवून जाहीर केला, तर अकोल्याहून शंभरावर किलोमीटर आलेल्या आईला खिडकी-खिडकीला विचारत फिरावे लागणार नाही. त्याच दिवशी या मुलांचे आई-वडील एकमेकांना भेटतील. ‘माझ्याही पोराला आहे’ हे वाक्य ऐकण्याने जो धीर येतो, तो कुठल्या गोळीने येत नाही. मन फारच खचले असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

ईद होईल, परीक्षा संपतील आणि सुट्टी लागेल. शाळा न बुडवता तपासण्या करून घेण्याचे आणि गरज असेल तर शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याचे हेच दिवस असतात. त्याआधी घरातल्या मोठ्यांनी एक काम करावे. बारा-तेरा वर्षांच्या लेकराशी न रागावता, न हसता बोलावे आणि एकदा त्याच्या छातीकडे नीट पाहावे. बहुतेक घरांत काहीच निघणार नाही. ज्या घरात निघेल, तिथे अजून वेळ हाती असेल.